सुरीला धार लावणारा दगड : निवड आणि निगा

गेल्या वर्षी शाळेच्या आनंदमेळाव्यात एक लहानसा अपघात घडला. आठवीच्या वर्गाने भेळेचे दुकान मांडले होते. कांदा चिरता चिरता एका विद्यार्थिनीच्या हातातील सुरी कांद्याच्या सालीवरून घसरली आणि तिच्या डाव्या अंगठ्यात रुतली. जखम खोल होती. दोन टाके घालावे लागले. धावपळ संपल्यावर जो तो एकच प्रश्न विचारू लागला, “सुरी फार धारदार होती का?” खरी गोष्ट याच्या अगदी उलट होती. सुरी मुळीच धारदार नव्हती. म्हणूनच ती कांद्यात शिरण्याऐवजी घसरली. आणि सांगावयास संकोच वाटतो, पण ती सुरी आमच्याच घरून आणलेली होती.

त्या संध्याकाळी आम्ही ती सुरी दिव्याखाली धार वर करून धरली. धारेच्या जागी एक पांढरी चकचकीत रेघ दिसली. चांगल्या धारेला जवळजवळ रुंदीच नसते, त्यामुळे ती उजेड परत फेकत नाही व डोळ्यांना दिसत नाही. जी धार दिसते, ती बोथट झालेली असते. म्हणजे केवळ पाहूनही जे कळले असते, ते आम्ही कधी पाहिलेच नव्हते.

बोथट सुरी अधिक धोक्याची का? धारदार सुरीला जोर लावावा लागत नाही. हात हलका राहतो आणि सुरी आपण नेऊ तिकडे जाते. बोथट सुरीवर मात्र आपण भार देतो. ती सालीवर अडते, आपण आणखी भार देतो, आणि मग ती एकदम सुटते. त्या क्षणी हातात जो जोर साठलेला असतो, तो सगळा बोटावर येतो. म्हणून घरातील सुऱ्यांना धार लावणे हे केवळ सोयीचे काम नव्हे, ते सुरक्षिततेचे काम आहे. आणि ते शिकावयाचे, तर पहिला प्रश्न येतो तो दगडाचा. बाजारात दगड अनेक. त्यांतून नवशिक्याने कोणता घ्यावा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही स्वतः जे शिकलो, आणि ज्या चुका केल्या, त्या येथे सांगत आहोत.

धार म्हणजे काय?

सुरीच्या पात्याच्या दोन उतरत्या बाजू जेथे एकमेकींना भेटतात, ती रेषा म्हणजे धार. वापराने ही रेषा दबते, वळते व गोलसर होते. दोन्ही बाजूंचे थोडे थोडे पोलाद घासून काढले, की त्या पुन्हा एका बारीक रेषेत मिळतात. धार लावणे याचा अर्थ एवढाच. धार बाहेरून आणून लावली जात नाही. पात्यातलेच थोडे पोलाद खर्च करून ती मिळवावी लागते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढील सारा विचार तिच्यावरच उभा आहे.

पोलाद घासून काढावयाचे, तर घासणारा पदार्थ पोलादाहून कठीण हवा. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रिड्रिख मोस याने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक उतरंड मांडली. तीत सर्वांत मऊ शंखजिरे, त्याला १ अंक. सर्वांत कठीण हिरा, त्याला १० अंक. स्वयंपाकघरातील सुरीचे पोलाद या मापाने साडेपाच ते साडेसहाच्या आसपास येते. वाळूतील गारेचा, म्हणजे स्फटिकाचा, अंक ७, कुरुविंदाचा ९. तेव्हा ७ किंवा त्याहून अधिक अंकाचे कण ज्या दगडात भरपूर असतील, तोच दगड पोलादाला खऱ्या अर्थाने घासू शकतो.

भोवतालचे दगड

आता आपल्या सभोवार पाहू. चांदनी गाव सातपुड्याच्या कुशीत आहे. येथला डोंगर काळ्या पाषाणाचा, ज्याला बेसाल्ट म्हणतात. घराची पायरी, पाटा-वरवंटा, जाते हे सारे बहुधा याच पाषाणाचे. अनेक घरांत सुरी पायरीवर किंवा पाट्याच्या कडेवर चार वेळा घासून घेण्याची रीत आहे. तिचा थोडा उपयोग होतो हे खरे. वळलेली धार तात्पुरती सरळ होते. परंतु या पाषाणातील कणांचा कठीणपणा साधारण सहाच्या आसपास, म्हणजे पोलादाच्या बरोबरीचाच असतो. शिवाय त्याचे कण एकमेकांत घट्ट गुंतलेले असल्यामुळे झिजलेले कण गळून नवे कण वर येत नाहीत. दगड गुळगुळीत होत जातो आणि मग तो घासत नाही, नुसता चोळतो.

आमचे मूळ गाव कोकणात. तेथे घराच्या भिंती जांभ्याच्या. जांभा सच्छिद्र व ठिसूळ. त्यावर कोयता घासला, तर दगडच आधी झिजतो. विंध्याकडील वालुकाश्म मात्र वेगळा. तो गारेच्या बारीक कणांचा बनलेला असतो. असा एकसारख्या बारीक कणांचा वालुकाश्म जगात अनेक ठिकाणी फार पूर्वीपासून धार लावण्यासाठी वापरला गेला आहे.

वालुकाश्माहून श्रेष्ठ तो कुरुविंद, ज्याला आपल्याकडे कुरुंदाचा दगड म्हणतात. माणिक आणि नीलम ही याच खनिजाची सुंदर रूपे. त्याचे साधे, अपारदर्शक रूप घासण्याच्या कामी येते. भारतात कुरुंद पूर्वीपासून ठाऊक होता. इंग्रजीतील ‘कोरंडम’ हा शब्दसुद्धा दक्षिण भारतीय भाषांतून तिकडे गेला आहे.

आज दुकानात जे दगड मिळतात, ते बहुतेक कारखान्यात तयार झालेले असतात. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन याने चिकणमाती व कोळसा यांच्या मिश्रणातून विजेचा प्रखर प्रवाह सोडला, तेव्हा त्याला काही चकाकणारे अतिशय कठीण स्फटिक सापडले. ते कार्बन व कुरुविंद यांचे बनलेले असावेत असे समजून त्याने त्यांना ‘कार्बोरंडम’ हे नाव दिले. तर्क चुकीचा होता. तो पदार्थ सिलिकॉन कार्बाइड होता. पण नाव टिकले, आणि पदार्थ कुरुविंदाहूनही कठीण निघाला. आपल्याकडे मुंबईसमोरील उरणजवळच्या मोरा येथे १९४१ साली ग्राइंडवेल कंपनीने घर्षणचक्रांचा कारखाना काढला. पुढे १९५४ साली मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी स्थापन झाली. लोखंडी सामानाच्या दुकानात करडा-काळा, दोन बाजू वेगवेगळ्या पोताच्या असलेला जो दगड मिळतो, तो बहुधा सिलिकॉन कार्बाइडचा असतो. पांढरट, तांबूस किंवा तपकिरी दगड बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे कारखान्यात केलेल्या कुरुविंदाचे असतात. याशिवाय धातूच्या पट्टीवर हिऱ्याची बारीक भुकटी बसवलेले पाटेही आता सहज मिळतात.

तात्पर्य, आज विकत मिळणारा कोणताही दगड घेतला, तरी त्यातील कण पोलादाहून कठीण असतातच. मग निवड कशाची करावयाची? मुख्यतः कणांच्या आकाराची.

क्रमांकाचा अर्थ

दगडावर २२०, ४००, १०००, ३००० असे आकडे लिहिलेले असतात. मूळ कल्पना चाळणीची आहे. एका इंचात जितकी छिद्रे, तितका चाळणीचा क्रमांक. अधिक छिद्रे म्हणजे छिद्र लहान आणि त्यातून पडणारा कणही लहान. म्हणून आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक. फार बारीक कणांसाठी एवढी बारीक चाळणी करता येत नाही. तेव्हा ते पाण्यात कालवून, कोणता कण किती वेळात तळाशी बसतो यावरून वेगळे केले जातात. गढूळ पाणी भांड्यात ठेवले असता रेती आधी खाली बसते व गाळ मागाहून बसतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही युक्ती समजावून सांगावयास नको. १००० क्रमांकाच्या दगडातील कण साधारण मिलिमीटरच्या सत्तराव्या भागाइतके, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतात. मात्र निरनिराळ्या देशांच्या मोजणीच्या पद्धती एकसारख्या नाहीत. त्यामुळे दोन वेगळ्या बनावटींचे आकडे समोरासमोर ठेवून बारीकसारीक तुलना करू नये.

कामाच्या दृष्टीने तीन पायऱ्या पुरेत. २०० ते ४०० हा भरड दगड; पात्याला खाच पडली असेल, किंवा धार पार गेली असेल, तरच तो लागतो. ८०० ते १००० हा मध्यम दगड. नेहमीची बोथट झालेली सुरी याच्यावर पुरती धारदार होते. ३००० आणि त्यापुढील दगड धारेला झिलई देतात. भाजी चिरणाऱ्या सुरीला त्यांची गरज क्वचितच पडते.

नवशिक्याने काय घ्यावे, याचे आमचे उत्तर असे : एकच दगड घ्यावयाचा असेल, तर १००० च्या आसपासचा घ्यावा. दोन बाजूंचा मिळत असेल, तर एक बाजू ४०० व दुसरी १००० असलेला पाहावा. आणि गावात नुसता बिनआकड्याचा काळा दगडच मिळत असेल, तर तोही चालेल. त्याची बारीक बाजू बहुधा अडीचशे-तीनशेच्या आसपास असते. तीच वापरावी, हात हलका ठेवावा, आणि भरड बाजूकडे खाच पडल्याखेरीज वळू नये.

आमची चूक

हा शेवटचा इशारा आम्ही अनुभवाने देत आहोत. आमची मायबोली कोंकणी. तुम्ही जिला विळी म्हणता, तिला आमच्या घरी आदोळी म्हणतात. पुढे नारळ खवण्याची खवणी आणि मागे वळत गेलेले पाते. आमच्या आईची आदोळी तिला तिच्या आईकडून मिळालेली. नारळ, भाजी, मासळी सारे तिच्यावरच. नोकरी लागल्यावर पहिल्या सुटीत आम्ही बाजारातून मोठ्या हौसेने एक दगड नेला. दुकानदाराने दोन दाखवले. आम्ही हाताला अधिक खरखरीत लागणारा निवडला. जितका खरखरीत, तितका अधिक कामाचा, असा आमचा समज होता.

पहिल्या दिवशी आदोळी अशी चालली, की आम्हांला स्वतःचा अभिमान वाटला. चौथ्या दिवशी ती पुन्हा अडू लागली. आम्ही पुन्हा घासली. प्रत्येक सुटीत हाच क्रम. भरड दगडाने धारेला करवतीसारखे मोठे दाते पडतात. ते सुरुवातीला ओढून कापतात, पण बारीक व कमकुवत असल्यामुळे लवकर मोडतात. म्हणून पुन्हा घासावे लागते आणि प्रत्येक वेळी पोलाद मात्र मूठभर जाते. तीन वर्षांनी आई म्हणाली, “तू हिला धार लावतोस, की हिचे पाते खातोस?” आम्ही पाहिले, तो खरोखरच पात्याची रुंदी मध्यभागी बोटभर कमी झाली होती. दोन पिढ्यांच्या वापराने जेवढे झिजले नव्हते, तेवढे आम्ही तीन वर्षांत घालवले. ते पोलाद आता परत येणार नाही.

तेव्हापासून आम्ही पात्याकडे ठेवीसारखे पाहतो. धार लावणे म्हणजे त्या ठेवीतून थोडे काढणे. भरड दगड एका वेळी मोठी रक्कम काढतो, मध्यम दगड थोडी. नवशिक्याचा हात स्थिर नसतो. त्याच्याकडून चुका होणारच. मध्यम दगडावर चूक झाली, तर दोन मिनिटांत सुधारता येते. भरड दगडावर झालेली चूक पात्यावर कायमची उमटते. १००० चा दगड सुचवण्याचे खरे कारण हेच आहे. तो हळू काम करतो आणि हळू काम करणारा दगडच शिकवतो.

दुकानात पाहावयाच्या गोष्टी

आकड्यानंतर आकार. दगड लहान असेल, तर प्रत्येक फेरीला सुरी कडेवरून खाली उतरते व कोन बिघडतो. सुमारे २० सेंटीमीटर लांब व ५ सेंटीमीटर रुंद दगड शिकण्यास सोयीचा. १५ सेंटीमीटरचाही चालतो. त्याहून लहान नको.

नंतर सपाटी. खिशात पोलादी मोजपट्टी न्यावी, तिची कड दगडावर उभी, लांबीत व तिरपी ठेवून उजेडाकडे पाहावे. मधून उजेड दिसला, तर दगड वाकडा आहे. कोपरे तुटलेला किंवा बारीक तडा असलेला दगड घेऊ नये. चिमटीत धरून बोटाच्या पेराने हलकेच वाजवल्यास अखंड दगडाचा आवाज स्वच्छ येतो, तडा असलेल्याचा बद्द.

मग प्रश्न पाण्याचा की तेलाचा. घासताना निघणारी पोलादाची भुकटी दगडाच्या छिद्रांत बसू नये, म्हणून वर काहीतरी पातळ असावे लागते. काही दगड पाण्यासाठी केलेले असतात, काही तेलासाठी. घरगुती कामाला पाण्याचा दगड बरा. स्वच्छ, सोपा व खर्च नसलेला. एकदा तेल पाजलेल्या दगडात मात्र पुन्हा पाणी नीट मुरत नाही, म्हणून आधी ठरवावे व मग बदलू नये. तेलच वापरावयाचे, तर शिलाई यंत्राचे पातळ तेल वापरावे आणि सुरी नंतर साबणाने धुवावी. स्वयंपाकाचे तेल वापरू नये. करडई, सूर्यफूल यांसारखी तेले वाळून चिकट थर धरतात. आम्ही गावाकडच्या सवयीने येथे खोबरेल वापरले. चांदनीच्या पौषातील थंडीत ते दगडाच्या छिद्रांतच गोठून बसले व दगड साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झाला. खोबरेल २४ अंश सेल्सिअसच्या आसपासच गोठते, हे भूगोलाच्या शिक्षकांनी हसत हसत आमच्या ध्यानी आणून दिले.

हिऱ्याचा पाटा पुष्कळ वर्षे सपाट राहतो व झटपट कापतो. परंतु झटपट कापणे हाच नवशिक्याच्या दृष्टीने त्याचा दोष आहे. तो घेणाऱ्याने बारीक कणांचाच घ्यावा आणि भार मुळीच देऊ नये. खाचेतून सुरी ओढण्याची जी छोटी साधने मिळतात, त्यांत कोन आपोआप ठरतो हे खरे; पण त्यांतील कठीण पाती पोलाद घासत नाहीत, खरवडतात. धार खडबडीत होते आणि पाते लवकर संपते.

थोडेसे कृतीविषयी

दगडाची निवड बरोबर झाली की नाही, हे शेवटी कृतीतच कळते, म्हणून कृती थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्यांनी ती घरातील मोठ्या माणसांच्या देखतच करावी.

पाण्याचा दगड भिजवून ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे तो सरकत नाही. सुरीची धार दगडावर टेकवून पाठ थोडी उचलावी. किती उचलावी? स्वयंपाकाच्या सुरीला प्रत्येक बाजूस १५ ते २० अंशांचा कोन योग्य. पाते ३ सेंटीमीटर रुंद असेल, तर त्रिकोणमितीने ही उंची ८ ते १० मिलिमीटर येते. दहावीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः गणित करून पाहावे. साधी शिसपेन्सिल सुमारे ७ मिलिमीटर जाडीची असते. तेव्हा पाठीखाली पेन्सिलीहून किंचित अधिक जागा राहील इतकी उचलावी. कोन बरोबर आहे का हे पाहण्यास धारेच्या उतारावर काळ्या मार्करने रेघ ओढावी व दोन-तीनदा घासावे. शाई जेथून गेली, तेथे दगड लागतो आहे. शाई फक्त वरच्या अंगाला गेली, तर पाठ फार खाली आहे. फक्त अगदी कडेची गेली, तर पाठ फार वर आहे.

एका बाजूने मुठीपासून टोकापर्यंत सारखे घासत राहावे. थोड्या वेळाने विरुद्ध बाजूस पोलादाची अतिशय बारीक कोर वळलेली जाणवते. पात्याच्या पाठीकडून धारेकडे, म्हणजे धारेच्या बाहेरच्या दिशेने, बोट अलगद नेले तर ती खरखरते. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नये. ही कोर सबंध लांबीभर आली, म्हणजे त्या बाजूचे काम धारेपर्यंत पोहोचले. मग दुसरी बाजू तशीच घासावी. शेवटी दोन्ही बाजू आलटून पालटून अगदी हलक्या हाताने घेतल्या, की कोर निघून जाते. पुष्कळ लोक कोर येण्यापूर्वीच थांबतात आणि दगडाला दोष देतात.

परीक्षा कशाची घ्यावी? वर्तमानपत्राच्या कागदाची. हा कागद मऊ व कमकुवत असतो. बोथट सुरी त्याला फाडते, चांगली सुरी आवाज न करता कापत जाते. जेथे सुरी अडते, तेथे धार राहून गेली असे समजावे.

विळीला दगडावर फिरवता येत नाही. तिच्यावर दगड फिरवावा लागतो. लहान, हातात मावेल असा बारीक दगड घ्यावा. विळी घट्ट टेकवून, पात्याच्या मागच्या बाजूस बसावे आणि दगड नेहमी धारेपासून दूर जाईल असा न्यावा. केळीच्या बागेतील कोयत्यालाही हीच रीत. बऱ्हाणपूरकडे केळीचा घड उतरवणारे मजूर कोयत्यावरील चीक आधी पुसून घेतात. चिकट पात्यावर दगड फिरवला, तर दगडच बुजतो.

दगडाचीही निगा

दगड निवडला आणि वापरला, एवढ्याने काम संपत नाही. दगडही झिजतो, मध्ये खोलगट होतो आणि गुळगुळीत होतो. याचे मोठे उदाहरण आपल्या शेजारीच होते. नेपानगरच्या कागद गिरणीत जानेवारी १९५५ मध्ये वृत्तपत्रीय कागदाचे उत्पादन सुरू झाले आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी ती राष्ट्राला अर्पण केली. तेथे त्या काळी भोवतालच्या जंगलातील सालईचे लाकूड यंत्राने दळून त्याचा लगदा करीत. पुढे गिरणी जुन्या कागदाच्या लगद्याकडे वळली. लाकूड दळण्याच्या या पद्धतीत फिरत्या प्रचंड दगडावर पाण्याच्या फवाऱ्याखाली ओंडके दाबून धरतात. दगड गुळगुळीत झाला, की लगदा बिघडतो. म्हणून ठराविक काळाने पोलादी दातेरी चाक फिरवून त्या दगडाचा पृष्ठभाग पुन्हा खरखरीत करावा लागतो. जो दुसऱ्याला घासतो, त्यालाही अधूनमधून घासून घ्यावे लागते.

घरच्या दगडाला एवढा खटाटोप नको. सपाट फरशीवर किंवा जाड काचेवर काळा पाण्याचा पॉलिश पेपर पसरावा, पाणी शिंपडावे आणि दगडावर पेन्सिलीने चौकटी आखून तो त्यावर फिरवावा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या, म्हणजे दगड सपाट झाला. वापरानंतर दगड धुऊन सावलीत वाळवावा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवल्यास तडकण्याचा संभव असतो.

शेवटी धारवाल्यांविषयी दोन शब्द. सायकलवर चाक बसवून गल्लोगल्ली फिरणारे हे कारागीर आता क्वचित दिसतात. त्यांच्या हातात कसब असते; खाच पडलेली सुरी त्यांच्याकडेच द्यावी. फक्त वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर पातळ धार तापते. ती तापून निळसर झाली, तर तेथील पोलादाचे पाणी उतरते व धार पुढे टिकत नाही. म्हणून मधून मधून पाते पाण्यात बुडवावयास त्यांना नम्रपणे सांगावे. चांगला कारागीर ते न सांगताही करतो.

यंदाच्या आनंदमेळाव्याच्या आधी, शुक्रवारी दुपारी, आम्ही नववीच्या वर्गात एक १००० चा दगड, ओले फडके आणि घरोघरच्या सात सुऱ्या घेऊन बसलो. गेल्या वर्षी जिचा अंगठा कापला होता, तीही होती. तिने आमची ती जुनी सुरी उचलली, शाईची रेघ ओढली आणि पाऊण तास घासली. मग जुन्या वर्तमानपत्राचे पान वर धरून तिने ते वरपासून खालपर्यंत कापले. आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी भेळेच्या दुकानावर कांदा तिनेच चिरला. आम्ही बाजूला उभे राहून पाहत होतो. सुरी एकदाही घसरली नाही.

आईची आदोळी अजून गावी आहे. पाते अरुंद झाले आहे, पण चालते. आता प्रत्येक सुटीत आम्ही तिला बारीक दगडाने दोन-चार हातच देतो. एवढ्यावर ती पुष्कळ वर्षे निघेल.